न झिंगवणाऱ्या पानाचा हिशेब

काही वर्षांपूर्वी मी पुण्यात कोंढव्याला राहत होतो. आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर तीन येमेनी विद्यार्थी होते. त्यातला एक फार्मसी शिकत होता. एका जुम्याला नमाजनंतर तो आमच्याकडे जेवायला आला. बिर्याणी खाता खाता वडिलांचा विषय निघाला. ते वारले तेव्हा जेमतेम पन्नाशीला आले होते. असर आणि मगरिबच्या मधल्या वेळेत, मित्रांच्या बैठकीत बसलेले असताना ते गेले, आणि गालात पान तसंच होतं. मी विचारलं, "पान म्हणजे विडा?" तो म्हणाला, "नाही भाई, गात. आमच्याकडे हार्ट अटॅकसुद्धा दुपारच्या जेवणानंतरच येतो."

बाप गेलेल्या मुलाचं बोलणं म्हणून मी ते ऐकून घेतलं. पुढे याविषयी वाचायला लागलो तेव्हा कळलं, की तो जे बोलला ते येमेनच्या डॉक्टरांनी रुग्णांच्या नोंदी तपासून लिहून ठेवलेलं आहे. त्या वाचनातून हा लेख झाला. आणखी एक कारण माझ्या घरातलं आहे, ते शेवटी सांगतो.

आधी नावाचा घोळ मिटवू. आपल्याकडे विड्यात चुन्याबरोबर जो कात लावतात, त्याचा या पानाशी काही संबंध नाही. तो खैराच्या लाकडापासून करतात. अरबीतलं क़ात हे एका सदाहरित झाडाचं नाव आहे. सनाचे लोक त्याचा उच्चार 'गात' असा करतात, इथिओपियात 'चात' म्हणतात आणि केनियात 'मीरा'. झाडाचे कोवळे शेंडे आणि पानं तोडायची, एकेक करून चावायची, रस गिळायचा आणि चोथा एका गालात साठवत जायचं. दोन तासांत गाल लिंबाएवढा फुगतो. एका बैठकीत माणूस शंभर ते दोनशे ग्रॅम पानं सहज संपवतो.

या पानाने माणूस झिंगत नाही. तो तोल जाऊन पडत नाही, बरळत नाही, नमाजची वेळ विसरत नाही. उलट जास्त जागा होतो, जास्त बोलतो, त्याला भूक लागत नाही. म्हणूनच शेकडो वर्षं या पानावरचा वाद एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिला: याने नशा होते की नाही? माझं म्हणणं असं आहे, की प्रश्नच चुकीच्या जागी विचारला गेला. अपाय होत होता तो दुसरीकडेच.

सुलतानाचा नकार

क़ातच्या सर्वांत जुन्या पक्क्या नोंदी १४व्या शतकातल्या आहेत. इथिओपियाचा ख्रिस्ती राजा अम्दा सेयोन याच्या इतिवृत्तात १३३२च्या लढाईची हकिकत आहे. इफातचा मुस्लिम सुलतान सब्रुद्दीन त्याला धमकी देतो, की तुझी राजधानी जिंकून तिथे चात लावीन. म्हणजे त्या काळीच हे झाड मुसलमानांची खूण बनलं होतं. इथिओपियातल्या ख्रिस्ती लोकांनी ते पुढे बराच काळ दूर ठेवलं, त्यामागे हेही एक कारण होतं.

त्याच शतकात दमास्कसचा लेखक इब्न फज्लुल्लाह अल-उमरी याने येमेनच्या रसूली सुलतानाची एक गोष्ट नोंदवून ठेवली आहे. सुलतानाचं नाव अल-मुअय्यद दाऊद. त्याच्यापुढे कोणीतरी क़ातची तारीफ केली. सुलतानाने विचारलं, याने होतं काय? उत्तर मिळालं की खाणं कमी होतं, झोप कमी होते आणि स्त्रीसंगाची इच्छा कमी होते. सुलतान म्हणाला, दुनियेत याच तर तीन मजा आहेत, त्या घालवणारी वस्तू मी कशाला खाऊ?

गोष्ट हसण्यावारी न्यायची नाही. सातशे वर्षांपूर्वी कोणा जाणकाराने क़ातचे तीन परिणाम सांगितले आणि आजच्या वैद्यकशास्त्राने त्यातला एकही खोडलेला नाही. सुलतानाने हराम-हलालच्या वादात न पडता एवढंच पाहिलं, की हे पान मला काय देतं आणि माझ्याकडून काय नेतं. हा साधा हिशेब पुढे हरवला.

इब्न हजर यांची अडचण

क़ात येमेनात रुजली ती कॉफीच्या सोबतीने. दोन्ही झाडं त्याच डोंगरउतारांवर वाढतात आणि दोन्ही रात्री जागवतात. रात्रभर जिक्र करणाऱ्या सूफींना दोन्हींचा उपयोग होता. क़ातला तर 'सालेह लोकांचं अन्न' असंही म्हटलं जाई. कॉफीवर मोठं वादळ आलं ते १५११मध्ये. मक्केचा मम्लूक अंमलदार खाइर बेग याने उलेमा आणि हकीम जमवून कॉफीवर बंदी घातली. कैरोहून पुढे ती सैल झाली, आणि आज मक्केत कॉफी पिणाऱ्याला कोणी अडवत नाही.

क़ातचा मसला एवढ्या लवकर सुटला नाही. १६व्या शतकात येमेनचे उलेमा दोन्ही बाजूंनी लिहीत होते. कोणी ती भांग-अफूच्या रांगेत बसवत होतं, तर कोणी कॉफीच्या. शेवटी प्रश्न मक्केला गेला, तिथे राहणाऱ्या इब्न हजर अल-हैतमी यांच्याकडे. हे नाव कोकणातल्या वाचकांना परकं वाटू नये. रत्नागिरी-रायगडकडचे मुसलमान शाफई मजहबाचे आहेत, आणि शाफई मदरशांत इब्न हजर यांचं 'तुहफतुल मुहताज' हे आजही आधारग्रंथ मानलं जातं. त्यांनी क़ातवर स्वतंत्र रिसाला लिहिला. त्याच्या नावातच तहजीर, म्हणजे सावधगिरीचा इशारा, हा शब्द आहे.

त्यांची अडचण मला फार प्रामाणिक वाटते. खाणाऱ्यांकडे चौकशी करावी तर एकजण सांगतो की याने डोकं फिरतं, शरीर सुकतं. दुसरा सांगतो, छे, याने तर इबादतीत मन लागतं. साक्षीच एकमेकींना कापत असतील तर हराम ठरवायचं कशाच्या आधारावर? त्यांनी क़ात सरसकट हराम ठरवली नाही आणि बिनधास्त खा असंही सांगितलं नाही. ही संशयाची वस्तू आहे, आपला दीन आणि देह जपणाऱ्याने तिच्यापासून लांब राहावं, असा त्यांचा कल होता.

आज येमेनमध्ये या रिसाल्याचा अर्धाच भाग लोकांच्या लक्षात राहिलेला दिसतो: इब्न हजर यांनी हराम म्हटलेलं नाही! त्यांनी हात का आखडला, ते विसरलं गेलं. त्यांना पक्की माहिती मिळत नव्हती. साक्षी जुळत नव्हत्या. मग प्रश्न असा, की पुढच्या चारशे वर्षांत साक्षी जुळल्या का?

मोखा ते मुंबई

युरोपच्या शास्त्राला या झाडाची ओळख करून दिली ती पेर फोर्स्कोल या तरुण निसर्गशास्त्रज्ञाने. डेन्मार्कच्या राजाने पाठवलेल्या मोहिमेबरोबर तो १७६२च्या अखेरीस येमेनात उतरला आणि पुढच्याच वर्षी जुलैमध्ये यरीम गावी हिवतापाने मेला. वय जेमतेम एकतीस. उरलेले सोबती मोख्याहून जहाजाने मुंबईकडे निघाले. दोघे समुद्रातच गेले, तिसरा मुंबईत आल्यावर वारला. एकटा कार्स्टन नीबूर वाचला. त्याने मुंबईच्या मुक्कामात घारापुरीच्या लेण्यांची चित्रं काढली, आणि मायदेशी परतल्यावर १७७५मध्ये मित्राच्या टिपणांचं पुस्तक छापून आणलं. क़ातचं शास्त्रीय वर्णन जगापुढे आलं ते त्या पुस्तकातून.

पुढे एडनमुळे हा धागा मुंबईला आणखी घट्ट जोडला गेला. इंग्रजांनी १८३९मध्ये एडन घेतलं आणि कित्येक दशकं त्याचा कारभार मुंबई इलाख्यातून चालवला. १९३७मध्ये एडन वेगळी वसाहत झाली. तोवर बाजारात आपलाच रुपया चालत होता, पुढेही काही वर्षं चालला. १८५५च्या जानेवारीत मुंबईच्या फौजेतला अधिकारी रिचर्ड बर्टन एडनहूनच निघून हरर या बंद शहरात शिरला. तिथले उलेमा सकाळपासून क़ात चघळत किताबं वाचत बसलेले त्याने पाहिले आणि लिहून ठेवले.

पण या प्रवाशांना पानाच्या आत काय आहे ते कळणं शक्य नव्हतं. आणि प्रयोगशाळांनाही ते बरीच वर्षं कळलं नाही, त्याचं कारण ऐकण्यासारखं आहे. युरोपात पोचायची ती सुकलेली पानं. त्यांतून १९३०मध्ये कॅथीन नावाचं द्रव्य वेगळं काढलं गेलं. ते सौम्य निघालं. एवढ्याशा द्रव्यावर सारा देश दुपारभर कसा बसून राहतो, हे कोडं मात्र सुटेना. अखेर १९७५मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या प्रयोगशाळेत ताजी पानं तपासली गेली, तेव्हा कॅथिनोन सापडलं. त्याची घडण अँफेटामिनशी मिळतीजुळती, आणि जोर कॅथीनच्या कितीतरी पट. पान तोडल्यावर दोनतीन दिवसांत ते विरून त्याचं कॅथीन होतं. म्हणून तर क़ात केळीच्या पानात गुंडाळून, पाणी शिंपडत, पहाटे तोडून दुपारपर्यंत बाजारात पोचवण्याची एवढी घाई असते. खाणाऱ्याला जे शेकडो वर्षं ठाऊक होतं, की क़ात ताजीच हवी, ते शास्त्राला उशिरा कळलं.

दुपारची बैठक

त्या येमेनी मुलाने मला बैठकीचं वर्णन करून सांगितलं होतं. जोहरची नमाज, मग भरपेट जेवण, कारण नंतर भूक मरणार हे माहीत असतं. मग घराच्या वरच्या मजल्यावरची खोली, भिंतीलगत गाद्या, प्रत्येकाच्या पुढ्यात पानांची जुडी, पाण्याची बाटली, मध्ये हुक्का. पहिले दीडदोन तास गप्पांना ऊत येतो. लग्नं जुळतात, जमिनीचे तंटे मिटतात, शेरोशायरी होते. मग हळूहळू बोलणं मंदावतं. सूर्य कलताना सगळे आपापल्या विचारात बुडतात. या शांत वेळेला तिकडे 'सुलेमानी घटका' म्हणतात. त्यानंतर चोथा थुंकून उठायचं. रात्री झोप येत नाही, सकाळी अंग जड आणि मन उदास. दुपारी पुन्हा पान.

बायकांच्या वेगळ्या बैठका होतात. जागतिक बँकेने २००६मध्ये केलेल्या पाहणीत येमेनमधल्या ७२ टक्के पुरुषांनी आणि ३३ टक्के बायकांनी आपण क़ात खातो असं सांगितलं. रमजानमध्ये हीच बैठक इफ्तारनंतर रात्री भरते.

या बैठकीचं मोल मी नाकारत नाही. एकट्याने कोपऱ्यात बसून करायचं हे व्यसन नाही. ज्या देशात सरकारवर भरवसा नाही तिथे समाज याच खोल्यांमध्ये एकमेकांना धरून राहिला. म्हणून बाहेरच्या माणसाने नुसतं नाक मुरडून चालत नाही. पण त्या चार तासांत शरीरात काय चालतं तेही पाहायला हवं.

शरीराची साक्ष

पान चावायला सुरुवात झाल्यावर साधारण दोन तासांच्या आसपास कॅथिनोनचं रक्तातलं प्रमाण शिगेला पोचतं. त्याबरोबर नाडी वाढते, रक्तदाब चढतो, हृदयाच्या रक्तवाहिन्या आकसू शकतात. निरोगी पोराला हे जाणवतही नाही. ज्याच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद झाल्या आहेत, त्याचं काय?

जगभरात हृदयविकाराचे झटके पहाटे ते सकाळी जास्त येतात, ही डॉक्टरांना पाठ असलेली गोष्ट आहे. सनाचे हृदयरोगतज्ज्ञ अहमद अल-मोतर्रब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या रुग्णांच्या वेळा तपासल्या, तर क़ात खाणाऱ्यांमध्ये हे घड्याळ सरकलेलं दिसलं. त्यांचे झटके दुपारी दोन ते मध्यरात्र या वेळात गोळा झाले होते. बैठकीची वेळ आणि त्यानंतरचे काही तास. कोंढव्यातल्या माझ्या जेवणाच्या टेबलावर त्या मुलाने जे सांगितलं, ते हेच.

याच डॉक्टरांनी २००५मध्ये आणखी एक अभ्यास प्रसिद्ध केला. झटका आलेले शंभर रुग्ण आणि तुलनेसाठी तसा आजार नसलेले शंभर लोक. भरपूर क़ात खाणाऱ्यांमध्ये झटक्याचा धोका न खाणाऱ्यांच्या ३९ पट निघाला. दोनशे माणसांचा अभ्यास लहानच, त्यामुळे ३९ हा आकडा जसाच्या तसा घोकण्यात अर्थ नाही. पण जितकं पान जास्त तितका धोका जास्त, ही चढण मात्र स्पष्ट दिसते. नंतर येमेन आणि आखाती देशांतल्या रुग्णालयांनी मिळून सात हजारांहून जास्त हृदयरुग्णांची नोंद ठेवली. त्यातही क़ात खाणारे रुग्णालयात अधिक संख्येने दगावले.

बाकीची यादी कमी चमकदार, पण रोजची आहे. पानातल्या तुरट द्रव्यांनी आणि पोट उशिरा रिकामं झाल्याने बद्धकोष्ठ होतो. येमेनमध्ये केलेल्या तपासणीत क़ात खाणाऱ्यांत मूळव्याध कितीतरी जास्त आढळली. चोथा ज्या गालात ठेवतात तिथे पांढरे चट्टे उठतात, हिरड्या सुटतात. पुरुषांना लघवी अडकत अडकत होते. गरोदर बाईने क़ात खाल्ली तर बाळ कमी वजनाचं जन्मण्याची शक्यता वाढते, आणि क़ातमधलं द्रव्य आईच्या दुधात उतरतं हेही सिद्ध झालेलं आहे. ज्यांचं मन आधीच नाजूक आहे, किंवा जे दिवसरात्र चघळतात, त्यांना भ्रम होऊ लागतात, कोणीतरी आपल्या मागावर आहे असं वाटू लागतं. सोमालियाच्या यादवीत बंदूक आणि क़ात एकाच हातात आली, तिथल्या डॉक्टरांनी हे फार पाहिलं. त्यात झाडावर फवारलेली औषधं असतात. पान न धुता किंवा नुसतं पुसून तोंडात जातं, म्हणजे जे शेतात फवारलं ते थेट पोटात.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. क़ात म्हणजे अफू-गर्द नव्हे. सोडली तर काही दिवस सुस्ती, चिडचिड, वाईट स्वप्नं, एवढ्यावर बहुतेकांचं निभतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने २००६मध्ये पुन्हा तपासून पाहिलं आणि क़ातला आंतरराष्ट्रीय बंदीच्या यादीत घालण्याची गरज नाही असं मत दिलं. कॅथिनोन हे द्रव्य मात्र त्या यादीत आहे, आणि आपल्याकडच्या अमली पदार्थांच्या कायद्यातही आहे. त्यामुळे येमेनहून येणाऱ्या कोणी सामानात आठवण म्हणून जुडी आणू नये.

बंदीचे प्रयोग

एवढं कळल्यावर कोणीही म्हणेल, बंदी घाला. घालून झाली आहे. इंग्रजांनी एडनमध्ये १९५७ला बंदी घातली. लोक वसाहतीची हद्द ओलांडून पलीकडे जाऊन चघळू लागले, चोरटा धंदा फोफावला, सरकारचा कर बुडाला. १९५८मध्ये बंदी उठली. उत्तर येमेनचे पंतप्रधान मोहसिन अल-ऐनी यांनी १९७२मध्ये क़ातविरुद्ध मोहीम काढली. त्यांचं सरकार टिकलं नाही. दक्षिण येमेनच्या समाजवादी राजवटीने निराळा तोडगा काढला: आठवड्याच्या सुटीपुरती परवानगी, बाकी दिवस मनाई. तो बऱ्यापैकी चालला, पण १९९०मध्ये दोन्ही येमेन एक झाले आणि तोही संपला. सोमालियात सियाद बर्रे यांनी १९८३मध्ये बंदी घातली, ती कागदावर राहिली. ब्रिटनने २०१४मध्ये घातली, तीही स्वतःच्याच तज्ज्ञ सल्लागारांचं मत बाजूला ठेवून.

धर्माच्या बाजूनेही प्रयत्न झाले. १९८२मध्ये मदिनेत भरलेल्या परिषदेत जगभरच्या उलेमांनी क़ातला नाजायज ठरवलं. सौदीत ती गुन्हा आहे. पण सनाच्या बैठकीत आजही तोच जुना जबाब मिळतो: नशा कुठे होते?

आणि आता हे झाड नुसतं व्यसन राहिलेलं नाही, त्यावर चुली पेटतात. क़ातला वर्षातून अनेकदा तोडणी मिळते, पैसा रोख मिळतो, म्हणून शेतकऱ्याने कॉफी उपटून क़ात लावली. ज्या डोंगरांनी मोख्याच्या नावाने जगाला कॉफी पाजली, ते डोंगर आज क़ातने हिरवे आहेत. येमेनमध्ये शेतीला लागणाऱ्या पाण्याचा साधारण तिसरा हिस्सा हे झाड पितं. सनाच्या विहिरी दरवर्षी खोल जात आहेत. घरात मुलांच्या दुधाआधी बापाची जुडी येते. पोट भरण्याच्या वस्तूऐवजी भूक मारण्याची वस्तू पिकवणारा देश, आणि वर दुष्काळ, युद्ध. हा हिशेब कुठल्याच फतव्यात बसत नाही.

मामूंची पुडी

आता घरातली गोष्ट. माझे मामू भिवंडीत लूमवर होते. बारा बारा तासांची पाळी, रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून तंबाखू-चुना मळायचा आणि गालात धरायचा. रमजानमध्ये ते एकही रोजा सोडत नसत. पण मगरिबची अजान झाली की खजूर तोंडात टाकून त्यांचा हात दुसऱ्याच क्षणी खिशातल्या पुडीकडे जायचा. आम्ही बोललो की म्हणायचे, "हराम थोडीच आहे? मकरूह आहे." आमच्या मोहल्ल्यात दारू पिणाऱ्याशी कोणी सोयरीक करत नाही, पण तंबाखूवाल्याला कोणी हटकत नाही. मामूंच्या गालात आधी पांढरा चट्टा आला. मग तोंड उघडेना. बावन्नाव्या वर्षी आम्ही त्यांना कब्रस्तानात पोचवून आलो. मैयतीला आलेले निम्मे लोक गेटबाहेर उभे राहून पुडी फोडत होते. मीही तेव्हा गप्पच राहिलो.

म्हणून येमेनच्या त्या बैठकीकडे बघून मला हसू येत नाही. महाराष्ट्रात २०१२पासून गुटख्यावर बंदी आहे, आणि २०१६-१७च्या पाहणीत राज्यातला दर चौथा प्रौढ माणूस कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होता. त्यातले बहुतेक सगळे न धुराची, म्हणजे तोंडात धरायचीच. एडनच्या बंदीचं जे झालं ते आपल्या टपरीवर रोज होतं. आणि 'मकरूह आहे' हे आपलं वाक्य म्हणजे येमेनच्या 'नशा कुठे होते'चं सख्खं भावंडं आहे.

मी आलिम नाही, मला फतवा द्यायचा नाही. पण दारू-जुगाराचा विषय काढताना सूरह बकरामध्ये कुरआननेही आधी नफा-नुकसानाचा हिशेबच मांडला: थोडा फायदा आहे, पण बिघाड त्याहून मोठा आहे. झिंग येते का, एवढंच तिथे मोजलेलं नाही. इब्न हजर यांनीही पाचशे वर्षांपूर्वी खाणाऱ्यांच्या देहाचीच साक्ष मागितली होती. तेव्हा साक्षी जुळल्या नाहीत, म्हणून ते थांबले. आज सनाचे डॉक्टर साक्ष देत आहेत, झटक्याच्या वेळेसकट. आपल्याकडे कर्करोगाच्या वॉर्डात जाऊन बसलं तर साक्षीदारांची रांगच दिसते. यांचं ऐकून घेतल्यावर इब्न हजर यांनी आज काय लिहिलं असतं, याचा विचार प्रत्येकाने आपापल्या मनाशी करावा.

बंदीने जे जमलं नाही, ते कदाचित बैठकीतच जमेल. येमेनमध्ये आता काही तरुण लग्नात क़ात न ठेवण्याचा आग्रह धरतात, असं तो फार्मसीवाला मुलगा सांगत होता. त्याच्या धाकट्या भावाच्या निकाहात त्यांनी पाहुण्यांपुढे क़ातऐवजी किशमिश, बदाम आणि कॉफी ठेवली. म्हातारे कुरकुरले, पण मगरिबपर्यंत बसले. गप्पाही झाल्या. बैठक पानामुळे भरते असं जे वाटत होतं, ते खरं नव्हतं. ती माणसांमुळेच भरत होती.

गेल्या ईदला आमच्या घरी मामूंचा मोठा मुलगा आला होता. जेवण झाल्यावर त्याचा हात सवयीने खिशाकडे गेला. या वेळी मी गप्प बसलो नाही. हराम की मकरूह ते काढलंच नाही. एवढंच विचारलं, "तुझं तोंड पूर्ण उघडतं ना रे? दाखव बरं." त्याने माझ्याकडे पाहिलं. पुडी खिशातच राहिली. निदान तेवढा वेळ तरी.